जुन्या फियाटचा एक्झॉस्ट : नवे भाग बसविताना होणारी गळती आणि तिचे निवारण

भारतीय मोटारउद्योगाच्या इतिहासात सोलापूरचे नाव एका वेगळ्या कारणाने घ्यावे लागते. ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’चे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. त्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट ११०० या मोटारीची निरनिराळी रूपे बाहेर पडली. १९६४ ची ‘डिलाइट’ आणि त्याच घडणीची, सत्तरच्या दशकात नामकरण झालेली ‘प्रीमियर पद्मिनी’ ही त्यांपैकी सर्वांत परिचित. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले आणि मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून निवृत्त झाली. आता उरलेल्या बहुतेक गाड्या वडिलोपार्जित ठेव म्हणून जपल्या जातात.

अशा गाडीचा एक्झॉस्ट गंजून गेला की मूळ भाग मिळणे अवघड असते. मग स्थानिक कारागिराकडून बनवून घेतलेला पाइप, दुसऱ्या गाडीचा सायलेन्सर किंवा पोलादी नळ्यांचा हेडर बसविला जातो. काम दिसायला नीटनेटके होते; पण सकाळी गाडी चालू करताच बॉनेटखालून ‘टिकटिक’ ऐकू येते आणि काही दिवसांनी आत धुराचा वास येऊ लागतो. हीच एक्झॉस्टची गळती.

गळती दुर्लक्षू का नये

पेट्रोलच्या अपूर्ण ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट जोडला जातो. डोके दुखणे, मळमळणे, झापड येणे ही त्याच्या बाधेची पहिली लक्षणे आहेत; उन्हाळ्यातील प्रवासात ती उन्हाचा त्रास समजून सोडून दिली जातात. जुन्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसतो, त्यामुळे या वायूचे प्रमाण मुळातच अधिक असते. त्यातच गिअर व पेडलजवळची रबरे झिजलेली असतील, तर बॉनेटखालचा वायू थेट पाय ठेवण्याच्या जागी शिरतो. धुराचा वास आला म्हणजे या वायूलाही वाट मिळाली, असे मानावे. वास नाही म्हणून धोका नाही, असे मात्र मानू नये.

दुसरा तोटा तपासणीचा. गळतीच्या फटीतून धूर बाहेर पडतो, तशीच धक्क्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. त्यामुळे ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट आवाज होतो आणि पीयूसी चाचणीत कार्बन मोनॉक्साइडचा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. त्या आकड्यावर विसंबून कार्ब्युरेटर जुळविला तर जुळवणी चुकते.

गळती शोधण्याच्या रीती

तपासणी उघड्यावर आणि थंड इंजिनावर करावी. धातू तापून फुगला की लहान फटी बुजतात. म्हणून पहिल्या एक-दोन मिनिटांतील आवाज महत्त्वाचा असतो. सायलेन्सरच्या टोकाशी दुसऱ्या व्यक्तीने जाड ओले फडके काही सेकंद अर्धवट धरावे. आतला दाब वाढतो आणि जिथे फट असेल तिथून फुसफुस स्पष्ट ऐकू येते. रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक सांध्यांवरून फिरविल्यास जागा नेमकी सापडते. थंड सांध्यावर साबणाचे पाणी लावल्यास बुडबुडे येतात. जुन्या गळतीची खूण म्हणजे सांध्याभोवतीचा काळा काजळीचा पट्टा.

टॅपेटचा आवाज आणि मॅनिफोल्डची गळती यांत अनेकदा गफलत होते. एकेका सिलिंडरच्या प्लगची वायर इन्सुलेशन असलेल्या पक्कडीने क्षणभर काढून पाहावी. त्या सिलिंडरचा स्फोट थांबताच टिकटिक मंदावली तर गळती तिथे आहे. आवाज तसाच राहिला तर टॅपेटची फट तपासावी.

नव्या भागाने गळती का होते

या इंजिनाचा हेड ॲल्युमिनियमचा, मूळ मॅनिफोल्ड बिडाचा आणि नवा हेडर पोलादाचा. तिन्ही धातू सारखे फुगत नाहीत. ४० सेंटिमीटर लांबीची पोलादी फ्लँज सुमारे ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली तर ती जवळपास दोन मिलिमीटर लांबते. स्टेनलेस स्टीलची असल्यास अडीचहून अधिक. पाण्याने थंड राहिलेला हेड मात्र मिलिमीटरभरही वाढत नाही. म्हणजे दर वेळी गाडी तापताना फ्लँज हेडवर सरकते आणि थंड होताना परत येते. मूळ मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा मोठी असतात ती याचसाठी. हेडर बनविताना भोके स्टडच्या मापाची घट्ट पाडली तर फ्लँज वाकते, स्टड तुटतात किंवा गॅस्केट फाटते.

दुसरे कारण पातळ फ्लँज. वेल्डिंगच्या उष्णतेने पाच-सहा मिलिमीटरची पट्टी केळीच्या सालीसारखी वळते. आठ ते दहा मिलिमीटरची पट्टी घ्यावी, ती जाड तुकड्यावर बोल्टने आवळूनच वेल्ड करावी आणि काम झाल्यावर तिचा फेस सपाट करून घ्यावा.

बसविण्याचा क्रम

जाम झालेले नट जोर लावून फिरवू नयेत. आदल्या रात्री गंज सोडविणारे तेल घालावे, सकाळी थोडे आवळून मग सोडवावे, पुन्हा तेल द्यावे. ॲल्युमिनियममधील आटे एकदा गेले की स्टड धरत नाही. अशा वेळी जाड स्टड ठोकण्याऐवजी टर्नरकडून तारेची आटेरी बसवून घेणे योग्य. हेडची छिद्रे स्वच्छ फडक्याने बुजवूनच जुने गॅस्केट काढावे. त्या काळच्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ते ओले करून काढावे, कोरडे खरवडू नये आणि हवेच्या झोताने उडवू नये.

हेड आणि फ्लँज या दोहोंवर सरळ पट्टी धरून फीलर गेजची पाती घालून पाहावी. पुस्तिकेतील मर्यादेपेक्षा फट अधिक असेल तर जाड गॅस्केटने ती बुजविण्याचा मोह टाळावा. फेस घासून घेणे हाच उपाय. नंतर गॅस्केट दोन्ही बाजूंनी लावून पाहावे. त्याची कड धुराच्या वाटेत येता कामा नये, आणि हेडरच्या नळीचे तोंड हेडच्या छिद्रापेक्षा लहान नसावे.

संपूर्ण एक्झॉस्ट प्रथम सैलच लावावा. मॅनिफोल्ड, खाली जाणारा पाइप, सायलेन्सर आणि शेवटची नळी हे सर्व आपापल्या जागी ताण न पडता बसले पाहिजे. पाइप ओढून भोकात घालावा लागत असेल, तर तो ताण कायम मॅनिफोल्डवर राहतो. मग इंजिनाच्या बाजूने मागे जात आवळावे. मॅनिफोल्डचे नट मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. ८ मिलिमीटरच्या स्टडला साधारणतः दोन ते अडीच किलोग्रॅम-मीटर इतका टॉर्क पुरतो. अर्थात पुस्तिकेतील आकडा अंतिम. पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट वापरल्यास पुढच्या वेळी ते सहज सुटतात.

एकात एक जाणाऱ्या पाइपांत इंजिनाकडचा पाइप आत आणि मागचा बाहेर असावा. ‘यू’ आकाराची क्लॅम्प अतिरेकाने आवळली तर पाइप चेपतो आणि गळती वाढते. रुंद पट्टीची क्लॅम्प अधिक चांगली. एक्झॉस्टची पेस्ट या सांध्यांपुरती ठीक आहे. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला ती लावू नये. सायलेन्सर रबरी टांगण्यांवर असावा, कारण इंजिन आपल्या रबरांवर डोलते; ते डोलणे कुठेतरी सामावले गेले नाही तर वेल्ड तडकते.

गाडी एकदा पूर्ण तापवून, पूर्ण थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत. शंभर-दोनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. नव्या गॅस्केटच्या गळतीचे निम्मे प्रसंग ही दुसरी आवळणी न केल्यामुळेच उद्भवतात, असा जुन्या फिटरांचा अनुभव आहे.

उष्णता आणि नियम

सोलापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. इंधन पंपावर ओले फडके ठेवून गाडी पुढे नेणे पद्मिनीच्या मालकांना नवे नाही. पोलादी हेडर जाड बिडापेक्षा अधिक उष्णता बाहेर टाकतो. म्हणून पेट्रोलची नळी, पंप आणि कार्ब्युरेटर यांच्या व हेडरच्या मध्ये पत्र्याची आडोशी पट्टी बसवावी. हेडरवरील फटीचा झोत रबरी नळीवर येत असेल तर गाडी तशीच चालवू नये. आगीचा धोका असतो.

कायद्याच्या दृष्टीने सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. तो काढून मोकळा पाइप लावणे दंडनीय ठरते. ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हीए’ मालिकेची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. म्हणून काढलेला मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. तडा गेलेले बीडही जाणकार वेल्डर, आधी सावकाश तापवून, निकेलच्या कांडीने जोडू शकतो.

जेमतेम ४० अश्वशक्तीच्या या १०८९ सीसी इंजिनाला मोठ्या नळ्यांनी विशेष बळ येत नाही. मूळ मापाचा पाइप, सपाट फेस, योग्य गॅस्केट आणि थंड झाल्यावरची दुसरी आवळणी एवढे सांभाळले, तर आजोबांच्या काळातील गाडीत नातवंडांना बसवून सिद्धेश्वराच्या दर्शनाला निर्धास्तपणे नेता येते.