बर्फावरच्या घराची नावाची पाटी

मिनेसोटातल्या थंडीबद्दल नातेवाइकांना सांगताना उणे वीस, उणे तीस असे आकडे फेकले तरी कुणी फारसं हलत नाही. पण "इथे लोक तळ्यावर घरं बांधतात" म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "तळ्याकाठी म्हणायचंय ना तुला?" नाही हो, तळ्यावरच! पाणी गोठलं की त्यावर घर ओढत न्यायचं, आत शेगडी पेटवायची, बर्फाला भोक पाडायचं आणि गळ सोडून बसायचं. मिल लॅक्स नावाचं आमच्याकडचं तळं पाचशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे. ऐन हिवाळ्यात तिथे अशी हजारो घरं उभी असतात, त्यांच्यामधून बर्फावरच रस्ते काढलेले असतात आणि त्या रस्त्यांवरून गाड्या धावतात.

या घरांना जागोजागी वेगवेगळी नावं. मिनेसोटात 'फिश हाउस', मिशिगनमध्ये 'शँटी', न्यू हॅम्पशरमध्ये 'बॉबहाउस', कॅनडातल्या ओंटारिओत 'हट'. मला मासेमारीत विशेष गती नाही. मला कुतूहल वाटलं ते या घरांवर रंगवलेल्या नावांचं आणि आकड्यांचं. चार महिन्यांच्या घराला कसली आलीय पाटी? म्हणून नियम वाचायला घेतले, आणि वाचता वाचता बराच मागे जाऊन पोचलो.

सुरुवात अर्थातच इथल्या मूळ रहिवाशांपासून. बर्फाला भोक पाडायचं, अंगावर कातडं किंवा घोंगडी पांघरून त्यावर पालथं पडायचं, लाकडी मासा आमिष म्हणून पाण्यात नाचवायचा आणि खालून मोठा मासा आला की भाला मारायचा, ही ग्रेट लेक्स परिसरातल्या ओजिब्वे लोकांची जुनी रीत. पांघरूण थंडीसाठी तर होतंच, पण त्याहून जास्त अंधारासाठी. वरचा उजेड अडवला की खालचं पाणी आतून उजळल्यासारखं स्वच्छ दिसतं. पुढे त्या पांघरुणाच्या जागी लाकडी खोकं आलं. त्याला आजही 'डार्क हाउस' म्हणतात आणि मिनेसोटाच्या कायद्यातही तोच शब्द आहे.

लाकडी घर जड. ते एकदा तळ्यावर नेलं की हंगामभर तिथेच राहायचं. लहानशा गावातल्या तळ्यावर कुठलं खोपट कुणाचं हे सांगायला पाटी लागत नसणार, रंगावरूनच कळत असेल. खरी उलथापालथ झाली ती १९८० च्या दशकात. डेव्ह गेन्झ नावाच्या मिनेसोटातल्याच एका मासेमाराने घसरगाडीवर बसवलेला, क्षणात डोक्यावर ओढून घेता येईल असा घडीचा तंबू बनवला. मासा लागत नाही म्हटल्यावर तंबू मिटायचा आणि शंभर पावलं पुढे जाऊन पुन्हा उघडायचा. मासेमार एका जागी बसणं सोडून माशांच्या मागे फिरू लागला.

आणि इथेच कायद्यापुढे पेच येतो. हा तंबू म्हणजे घर की सामान? त्याच्यावर नाव हवं की नको?

गंमत म्हणजे प्रत्येक प्रदेशाने याचं वेगळं उत्तर दिलं. मिशिगनच्या १९९४ च्या पर्यावरण कायद्यात या शँट्यांसाठी एक स्वतंत्र भागच आहे. तिथे शँटीच्या प्रत्येक बाजूला किमान २ इंच उंचीच्या, पाण्याने न पुसणाऱ्या अक्षरांत मालकाची ओळख लिहावी लागते. पण रोजची मासेमारी संपली की उचलून घरी नेला जाणारा तंबू यातून मोकळा. ओंटारिओने कापड आणि आकार पाहिला. तिथल्या ठरावीक मासेमारी विभागांत हटची नोंदणी करावी लागते आणि मिळालेला क्रमांक किमान ६.३ सेंटिमीटर उंचीच्या आकड्यांत बाहेरून दिसेल असा लावावा लागतो. मात्र ७ चौरस मीटर किंवा त्याहून कमी जागा व्यापणाऱ्या कापडी तंबूला नोंदणी माफ. मिनेसोटात घडी होणारं, मिटणारं किंवा सुटं करून नेता येणारं ते 'पोर्टेबल', आणि त्याला परवाना लागतो तो मालक सोडून गेला तरच. परवान्याचा प्रश्न येतो तो मध्यरात्र ते सूर्योदयाआधीचा एक तास एवढ्या वेळेपुरता.

म्हणजे ओंटारिओ विचारतं, तंबू केवढा? मिशिगन विचारतं, रोज परत नेतोस का? आणि मिनेसोटा विचारतं, तू आहेस का तिथे? मला हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आवडला. मालक आत बसलेला असेल तर मालक हीच पाटी. त्याने पाठ फिरवली की मग त्याच्या वतीने भिंतीला बोलावं लागतं.

भिंतीला काय सांगायचं असतं? मुख्यतः वसंताबद्दल. शेगडीच्या उबेने घराखालचा बर्फ थोडा वितळतो, पुन्हा गोठतो आणि घर तळाशी पक्कं चिकटून बसतं. मार्चमध्ये बर्फ कुजायला लागला की ते काढणं जिवावरचं काम. मग काही जण सरळ सोडून देतात. प्लायवूड, खिळे, फोम, गॅसची टाकी, सगळं तळ्याच्या पोटात. म्हणून घरं हलवायची मुदत ठरवून दिली आहे. मिनेसोटाच्या दक्षिण भागात मार्चचा पहिला सोमवार, उत्तरेकडे तिसरा सोमवार. त्यानंतर घर रिकामं सापडलं तर मालकावर खटला, आणि घर जप्त होऊन हलवलं किंवा नष्ट केलं जाऊ शकतं. यासाठी मालक कोण ते कळायला हवं ना!

पण नाव-पत्ता लिहिण्यात एक धोका आहेच. 'मी इथे तळ्यावर आहे, माझं घर अमुक रस्त्यावर रिकामं आहे' अशी जाहिरातच ती. म्हणून मिनेसोटात नाव-पत्त्याऐवजी वाहन परवान्याचा किंवा नैसर्गिक संसाधन विभागाने दिलेला क्रमांक चालतो. सरकारला कळावं पण चोराला कळू नये, अशी ती तडजोड. त्याच नियमावलीत दोन छोट्या गोष्टी आहेत. रात्री उभ्या राहणाऱ्या घराच्या प्रत्येक बाजूला चकाकणारी पट्टी हवी, म्हणजे अंधारात स्नोमोबाइल येऊन धडकणार नाही. आणि माणूस आत असताना दार बाहेरून उघडता आलं पाहिजे. हे दुसरं वाचताना मी जरा थांबलो. बंद घरात शेगडी जळत असते, कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. आतला माणूस हाक मारू शकणार नाही, हे धरून केलेला हा नियम आहे.

बर्फ विश्वासघात करतोच. फेब्रुवारी २००९ मध्ये ओहायोजवळ लेक ईरीवर बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून तुटला. शंभराहून जास्त लोकांना वाचवावं लागलं, एक जण दगावला. डिसेंबर २०२३ मध्ये मिनेसोटातल्या अप्पर रेड लेकवर पुन्हा तेच, शंभराहून जास्त माणसं वाहत्या बर्फावर अडकली. सुदैवाने सगळी सुखरूप निघाली. अशा वेळी रिकाम्या घरावरचा क्रमांक म्हणजे 'हा माणूस कुठे आहे?' असं विचारायला मिळालेला एक धागा.

आता थोडं मूळ मुद्द्याकडे. घर तुमचं, पण त्याखालची जमीन तुमची नाही. मुळात ती जमीनच नाही, सगळ्यांचं पाणी आहे. म्हणून सगळ्यांच्या वतीने राज्य म्हणतं, नाव सांग. बरोबरच आहे. पण 'सगळे' म्हणजे कोण, हा प्रश्न याच मिल लॅक्सवर थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १८३७ च्या तहात ओजिब्वेंनी जमीन दिली, पण त्यावर शिकार आणि मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. १८५० मध्ये राष्ट्राध्यक्ष टेलर यांच्या आदेशाने तो काढून घेण्याचा प्रयत्न झाला. पुढे राज्य म्हणत राहिलं की तो हक्क संपला. १९९९ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की हक्क कायम आहे. पांघरुणाखाली पालथं पडून पाण्यात बघायला ज्यांनी शिकवलं, त्यांना 'आम्हीही इथले' हे सिद्ध करायला दीडशे वर्षं लागली.

त्यामुळे तळ्यावरून जाताना ते रंगवलेले आकडे मी आता वेगळ्या नजरेने वाचतो. कुणाचा क्रमांक सुबक स्टेन्सिलने काढलेला, कुणाचा ब्रशने ओबडधोबड, आठाचा तीन झालेला. त्यात मालकीचा दावा मला फारसा दिसत नाही. इथे मी होतो, आणि माझ्या मागे जे उरेल त्याला मी जबाबदार आहे, एवढीच ती कबुली. हिवाळेही आता भरवशाचे राहिले नाहीत. मार्चच्या सोमवारची वाट न पाहता त्याआधीच घरं ओढून आणणारी माणसं मला शहाणी वाटतात.