फ्लाय रॉडचा क्रमांक : मोठ्या माशांसाठी निवड

फ्लाय रॉडच्या मुठीच्या वर छापलेला ८ किंवा ९ हा आकडा रॉडचे स्वतःचे वजन नव्हे आणि किती किलोचा मासा पेलेल याचे मापही नव्हे. हा रॉड किती जड दोरी फेकण्यासाठी बनवला आहे, एवढेच तो सांगतो. साध्या गळाला लावलेले शिसे स्वतःच्या वजनाने लांब जाते. पिसे आणि केस बांधून केलेल्या फ्लायला, म्हणजे नकली आमिषाला, वजन जवळजवळ नसतेच. तिला नेते ती दोरी. म्हणून दोरीच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये ठरवलेले आहे : क्र. ५ ला १४०, ६ ला १६०, ८ ला २१०, ९ ला २४०, १० ला २८० आणि १२ ला ३८०. आठ नंबरचे २१० ग्रेन म्हणजे जेमतेम साडेतेरा ग्रॅम. ही मोजणी अमेरिकेतील मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने १९६० च्या सुमारास रूढ केली. त्यापूर्वी रेशमी दोऱ्या जाडीवरून ओळखल्या जात; प्लास्टिकचा लेप असलेल्या दोऱ्या आल्यावर जाडीवरून वजनाचा अंदाज येईना.

यावरून निवडीचा क्रम उलटा लागतो. आधी फ्लाय केवढी, मग वारा किती आणि शेवटी मासा केवढा. बोटाएवढी, पाणी प्यायलेली फ्लाय पाच नंबरच्या दोरीला ओढवत नाही. ती मध्येच कोसळते, नाहीतर फेकणाऱ्याच्या पाठीवर आदळते.

जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातील केदारखेडा पूर्णेकाठी आहे. फ्लायची परंपरा इथे नाही. गळ आणि जाळे हीच साधने. पण हीच पूर्णा पुढे खडकपूर्णा, येलदरी आणि सिद्धेश्वर या धरणांत साठते, आणि मोठ्या माशांचा विचार त्या पाण्यावरच करायचा. कटला वजनाने मोठा असला तरी पाण्यातील सूक्ष्म जीवांवर जगतो, फ्लायला क्वचितच लागतो. खरे गिऱ्हाईक मरळ. केसांची बेडकासारखी फ्लाय पाणवनस्पतींवरून ओढली की मरळ खालून झडप घालतो आणि लगेच गवतात घुसतो. तिथे सहा नंबर लवतच राहतो. आठ नंबर त्याला बाहेर काढतो. उघड्या जलाशयावरचा वाराही आठच्याच बाजूने कौल देतो. धरणांतील मासेमारीचे हक्क बहुधा सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा परवानगी आधी घ्यावी.

महसीरची गोष्ट थोडी वेगळी. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील ‘खुद्री’ या महसीरच्या जातीचे वर्णन केले; लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीरची पैदास होते. हा मासा वाहत्या पाण्याचा जोर पाठीशी घेऊन पळतो. त्याच्यासाठी ८ योग्य, मोठ्या नदीत ९. हलका रॉड वापरून झुंज लांबवण्यात काही मर्दुमकी नाही : कोमट पाण्यात दमवलेला मासा सोडला तरी पुष्कळदा मरतो.

कोकणात वाऱ्याला तोंड देणे हे निम्मे काम. खाडीतील जिताडा आणि रावस आठ-नऊवर येतात. तिवरांच्या मुळांत परतू पाहणाऱ्या तांबोशीला नऊ बरा. सुरमईला दहा. मोठ्या कोकेरसाठी मात्र बाराच. तिथे ‘सर्वोपयोगी’ हा शब्द विसरावा. उलट दिवसभर बारा फेकून मरळ धरण्याचा हट्ट खांद्याला महागात पडतो.

एकच रॉड घ्यायचा तर ९ फुटी, चार तुकड्यांचा, ८ नंबर. निम्मे दिवस समुद्रावर जाणार असतील तर ९. काही कंपन्या हीच माहिती ‘९०८-४’ अशी छापतात, काही ‘८९०-४’ अशी; दोन्हींचा अर्थ ९ फूट, आठ नंबर, चार तुकडे. दोरीच्या खोक्यावरचा नंबर मात्र जपून वाचावा. आजच्या अनेक दोऱ्या प्रमाणापेक्षा अर्धा-एक नंबर जड असतात, त्यामुळे ‘८’ म्हणून घेतलेली दोरी प्रत्यक्षात नऊची निघू शकते. ग्रेनचा आकडा दिलेला असेल तर तोच धरावा. रीळ खाऱ्या पाण्यात टिकणारे, घट्ट ब्रेकचे आणि मुख्य दोरीमागे दीडशे-दोनशे मीटर बारीक दोरा मावेल असे हवे. खाडीवरून आल्यावर रॉड आणि रीळ दोन्ही गोड्या पाण्याने धुवावीत.