जुन्या स्कूटरचे इग्निशन : काय बदलावे, काय राखावे

सीताबर्डीच्या व्हरायटी चौकात, मे महिन्याच्या उन्हात सिग्नलला बंद पडलेली पॉइंटवाली जुनी बजाज चेतक इंजिन निवल्याशिवाय सुरू होत नसेल, तर संशय कंडेन्सर व कॉइलवर घ्यावा. मात्र सारेच भाग एकदम बदलण्याची घाई नको. टू-स्ट्रोक इंजिनात प्लगवर काजळी धरतेच; तो साफ करून सुमारे ०.६ मि.मी. अंतर ठेवल्यास बहुधा काम भागते. पॉइंटला खड्डे पडले असल्यास ते कंडेन्सरसह बदलावेत. कंडेन्सर निकामी राहिला तर नवे पॉइंटही लवकरच जळतात. त्यानंतर टायमिंग जुळवून घेणे आवश्यक. पेट्रोलवरील चेतकचे उत्पादन २००० च्या दशकातच थांबले. त्यामुळे तापलेल्या इंजिनावरही निळी ठिणगी देणारी मूळ कॉइल केवळ जुनी म्हणून काढून टाकणे हा शुद्ध अपव्यय होय.