जीर्णोद्धारावाचून राखलेल्या मोटारी

६ फेब्रुवारी २०१५ रोजी पॅरिस येथे आर्तक्यूरियाल या लिलावसंस्थेने ५९ जुन्या मोटारी विक्रीस काढल्या. अशा प्रसंगी वाहने सामान्यतः धुऊन, झळाळी देऊन मांडली जातात. या मोटारींवरील धूळ मात्र हेतुपुरस्सर तशीच ठेवण्यात आली होती. काहींचे पत्रे गंजून झडले होते, काहींच्या गाद्या कुजल्या होत्या. कित्येक स्वतःच्या चाकांवर उभ्या राहण्याच्या अवस्थेतही नव्हत्या. तरीही विक्रीची एकूण रक्कम अडीच कोटी युरोंच्या वर गेली. त्यांतील एकट्या फेरारी गाडीला १ कोटी ६३ लाख युरो मिळाले. ही गाडी १९६१ सालची असून ती एके काळी नट आलँ दलों यांच्या वापरात होती, आणि सापडली तेव्हा तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते.

या किमतींचा गवगवा वृत्तपत्रांनी पुष्कळ केला. इतिहासाच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न निराळा आहे. एकाच कुटुंबाने या मोटारी दशकानुदशके ताब्यात ठेवल्या. त्या दुरुस्त केल्या नाहीत, चालविल्या नाहीत आणि सहजी विकल्याही नाहीत. असे मालक युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याकडेही आढळतात. लोक त्यांना कृपण म्हणतात, विक्षिप्त म्हणतात, क्वचित् आळशीही म्हणतात. ही विशेषणे अपुरी आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. या वर्तनामागे एक सुसंगत कारणपरंपरा दिसते. शिवाय त्याचा परिणाम म्हणून ऐतिहासिक पुराव्याचा एक असा भाग शिल्लक राहिला आहे, जो दक्ष मालकांच्या हातून नष्ट झाला.

वरील संग्रह उभा करणारे रोजे बायों हे पश्चिम फ्रान्समधील मालवाहतूक व्यावसायिक होते. यंत्रांचा त्यांना मनापासून नाद होता. १९४७ साली त्यांनी ‘निळा पक्षी’ अशा अर्थाच्या नावाची एक मोटार स्वतः रचून तयार केली होती. युद्धानंतर फ्रान्समध्ये दलाज, दलाये, ताल्बो-लागो, इस्पानो-सुइझा यांसारख्या कारखान्यांच्या युद्धपूर्व मोटारींना कोणी विचारीनासे झाले. त्या आकाराने अवजड, इंधनाला भारी, आणि फॅशनच्या दृष्टीने शिळ्या ठरल्या होत्या. त्यांची वाट भंगाराच्या दुकानाकडे लागली होती. १९५० नंतरच्या दशकात बायों अशा गाड्या विकत घेऊ लागले. त्यांचे संग्रहालय काढावे, हा त्यांचा संकल्प होता. गाड्या आल्या, त्यांच्यासाठी कामचलाऊ छपरे उभी राहिली. पुढे १९७० नंतरच्या दशकात धंदा ढासळला. संग्रहाचा काही भाग विकावा लागला. उरलेल्या गाड्या त्या छपरांखालीच राहिल्या. वडिलांमागून मुलाने त्या तशाच सांभाळल्या, आणि त्याच्या निधनानंतर नातवंडांनी लिलावसंस्थेस पाचारण केले, तेव्हा २०१४ साली हा साठा जगापुढे आला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बायों यांनी या मोटारी घेतल्या तेव्हा ते सर्वांच्या दृष्टीने भंगाराचे रक्षणकर्ते होते, आणि शेवटी तेच भंगाराचे धनी ठरले. या दोन टोकांच्या दरम्यान त्यांच्या हेतूत फरक पडला होता काय? मला तसे वाटत नाही. हेतू तोच राहिला; परिस्थिती मात्र त्याच्या आवाक्याबाहेर गेली. हे कसे घडते ते समजण्यासाठी मोटार कशी जीर्ण होते, हे थोडे पाहिले पाहिजे.

उभी ठेवलेली मोटार झिजत नाही, अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः चालती मोटार झिजते आणि उभी मोटार कुजते. टाकीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे राळेसारखा चिकट थर नळ्यांत साचतो. ब्रेकमधील द्रव हवेतील ओल शोषून घेतो व आतून गंज धरवितो. पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला चिकटून इंजिन जाम होते. रबरी पट्ट्या तडकल्या की पाणी दारांच्या पोकळीत उतरते, आणि तेथील पत्रा बाहेरून धड दिसत असताना आतून खाल्ला जातो. युद्धपूर्व काळातील अनेक गाड्यांची बॉडी लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून बनविलेली असे. ते लाकूड कुजले की दार उघडताना बिजागरीसकट हातात येते. उंदीर गाद्यांत घरे करतात व विजेच्या तारांवरील वेष्टन कुरतडतात. पहिल्या वर्षी जे काम एखाद्या चांगल्या मिस्त्रीला पंधरवड्यात उरकता आले असते, त्यासाठी विसाव्या वर्षी सुतार, पत्रेकाम करणारा, गादीकाम करणारा आणि यंत्रज्ञ अशा चौघांची कित्येक महिन्यांची मजुरी लागते.

म्हणजे संकल्प जितका जुना होतो, तितका तो महाग होतो. मालकाने दुरुस्ती पुढे ढकलली की पुढील वर्षी ती अधिक दुष्कर होते, म्हणून ती पुन्हा पुढे ढकलली जाते. मग तो गाडी विकत का नाही? कारण मोडक्या स्थितीत विकणे म्हणजे आपला संकल्प संपला असे स्वमुखाने सांगणे होय. गाडी छपराखाली आहे तोवर ‘पुढे करू’ हे शब्द खरे असतात. बाजारभावाच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे खरा. पण मालक ज्याचे जतन करीत असतो ती गाडी नसून गाडीविषयीची प्रतिज्ञा असते, हे ध्यानात घेतल्यास त्यात विसंगती उरत नाही. सुस्थितीतील मोटारीपेक्षा मोडक्या मोटारीची मागणी आल्यावरच असे मालक अधिक का चिडतात, याचाही उलगडा यातून होतो.

याच्या उलट प्रकारचा संग्राहक पाहावयाचा असेल तर फ्रान्समधीलच आल्झास प्रांतात जावे लागते. फ्रिट्झ आणि हान्स श्लुम्फ हे बंधू लोकरीच्या सूतगिरण्यांचे मालक होते. फ्रिट्झ यांस बुगाटी मोटारींचा विलक्षण ध्यास होता. १९६३ साली त्यांनी मोल्सहाइम येथील खुद्द बुगाटी कारखान्याकडून त्याच्याजवळ उरलेल्या १८ गाड्या घेतल्या. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील जॉन शेक्सपियर या संग्राहकाकडील तब्बल ३० बुगाटी त्यांनी ८५,००० डॉलरांस एकगठ्ठा विकत घेतल्या. आज जगात केवळ सहाच शिल्लक असलेल्या ‘रॉयाल’ प्रकारापैकी एक त्यांत होती. व्यवहारापूर्वी पाहणी करणाऱ्याला या गाड्या मातीच्या जमिनीवर, गळक्या छपराखाली, फुटक्या खिडक्यांच्या इमारतीत उभ्या असलेल्या दिसल्या. काहींत पक्ष्यांनी घरटी केली होती. जगातील बुगाटींचा एक अत्यंत महत्त्वाचा संग्रह हा असा होता! आगगाडीने न्यू ऑर्लीन्सपर्यंत आणि तेथून जहाजाने ल हाव्रपर्यंत त्या आणण्यात आल्या.

म्यूलूझ येथील जुन्या गिरणीच्या इमारतीत श्लुम्फ यांनी सुमारे ४० सुतार, गादीकाम करणारे व यंत्रज्ञ नेमून जीर्णोद्धाराचे काम चालविले. हे सर्व गुप्तपणे होत असे. लोकरीच्या धंद्याला उतरती कळा लागली, कामगारांवर बेकारी आली, १९७६ साली बंधू स्वित्झर्लंडला निघून गेले. ७ मार्च १९७७ रोजी कामगार संघटनेचे लोक त्या इमारतीत शिरले, तेव्हा आपल्या श्रमाचा पैसा कोठे गेला ते त्यांना चारशेहून अधिक मोटारींच्या रूपाने दिसले. संतापाच्या भरात त्यांनी जाळली ती एक ऑस्टिन सेव्हन. आणि तीही दुरुस्त न झालेली. चकचकीत बुगाटींना हात लागला नाही. जीर्ण वस्तूला समाजात संरक्षण किती कमी असते, याचे हे बोलके उदाहरण म्हणावे लागेल. पुढे १९७८ साली सरकारने संग्रहास ऐतिहासिक वारशाचा दर्जा दिला व १९८२ साली त्याचे राष्ट्रीय संग्रहालय झाले.

श्लुम्फ यांच्या जीर्णोद्धाराविषयी आज जी टीका होते, ती आपल्याकडील मंदिरांच्या अभ्यासकांस परिचित वाटेल. अहिल्यादेवींनी काशी येथे किंवा वेरूळच्या घृष्णेश्वराचे जे बांधकाम केले, त्याचे धार्मिक व सामाजिक महत्त्व वादातीत आहे. परंतु जीर्णोद्धार झाला की त्यापूर्वीच्या वास्तूचा पुरावा त्याखाली झाकला जातो, हे कोणत्याही संशोधकाला मान्य करावे लागते. रस्किन यांनी १८४९ साली इमारतींच्या बाबतीत हाच आक्षेप घेतला होता, आणि मॉरिस यांनी १८७७ साली इंग्लंडमध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणार्थ संस्था स्थापली तीही याच भूमिकेवरून. मोटारीच्या बाबतीत नष्ट होते ते काय? मूळ रंगाचे थर, लाकडी चौकटीवर कारागिराने पेन्सिलीने लिहिलेले क्रमांक, हातोड्याचे ठसे, मालकांनी वेळोवेळी करविलेले फेरफार, अपघातानंतरचे जोड. कारखान्यांची दप्तरे युद्धांत व दिवाळखोरीत नाहीशी झाली असतील, तर ही मोटार हेच एकमेव दप्तर उरते. नवा रंग चढविताना ते खरवडून टाकले जाते.

हे मत प्रस्थापित होण्यास फार काळ लागला. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या बाबतीत जी तत्त्वे मांडली, त्यांच्या धर्तीवर जुन्या वाहनांसाठी तूरीनची सनद निघाली ती २०१२ साली. दरम्यान बाजाराने आपला निर्णय आधीच दिला होता. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील एका शल्यवैद्याने १९५५ साली १९३७ ची बुगाटी ५७-एस घेतली, काही वर्षे चालविली आणि १९६० च्या सुमारास गॅरेजमध्ये उभी केली. २००७ साली त्यांचे निधन होईपर्यंत ती तेथेच होती. अर्ल हाऊ हे तिचे पहिले मालक. २००९ च्या फेब्रुवारीत ती पॅरिसमध्ये ३४ लाख युरोंस गेली. त्याच वर्षी माज्जोरे सरोवराच्या तळातून वर काढलेली एक बुगाटी पुढील वर्षी २,६०,५०० युरोंस विकली गेली. तिचे अर्धे अंग पाण्याने खाल्ले होते, आणि कॅलिफोर्नियातील मलिन संग्रहालयाने तिला त्याच अवस्थेत प्रदर्शनात मांडले. (हे संग्रहालय २०२४ साली बंद झाले.) श्लुम्फ यांच्या हातून दुरुस्तीवाचून राहिलेल्या ६२ गाड्याही २००८ साली पीटर मलिन यांच्याकडे गेल्या, हा योगायोग नव्हे. मात्र धुळीलाच मोल आले की धूळ राखण्याचे कसबही निर्माण होते. २०१५ च्या लिलावातील धूळ पुरावा होती की सजावट, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातील इतिहाससंशोधकास असे मालक नवखे नाहीत. राजवाडे यांनी वाई येथे मिळालेल्या कागदांच्या आधारे १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, त्यांना व त्यांच्यानंतरच्या संशोधकांना माळ्यावर रुमाल बांधून ठेवलेली, स्वतः न वाचलेली आणि दुसऱ्यासही न दाखविलेली दप्तरे सांभाळणारी घराणी पदोपदी भेटली. त्या हट्टाबद्दल आपण त्यांना दोष देतो. परंतु जी घराणी उदार किंवा व्यवस्थित होती, त्यांच्यापैकी कित्येकांनी जुने कागद रद्दीत घातले. आणि जीर्ण पोथीची नवी नक्कल करून मूळ पोथी नदीत सोडण्याची रीत तर श्रद्धाळूंमध्येच होती. हट्टी मालकाने साधन राखले ते इतिहासावरील प्रेमाने नव्हे, पण राखले हे खरे.

ही तुलना एका मर्यादेपर्यंतच ताणता येते. रुमालात बांधलेला कागद कोरड्या जागी शतके टिकतो. उघड्या छपराखालची मोटार दोन पिढ्यांत मातीला मिळते. बायों यांच्या ज्या गाड्या बंद जागेत होत्या त्या पुराव्याच्या दृष्टीने अमोल निघाल्या, आणि ज्या केवळ छपराखाली होत्या त्यांपैकी काहींचा निव्वळ सांगाडा उरला होता. तेव्हा जीर्णोद्धार न करणे आणि जतन करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. कोरडी जमीन, बंद भिंती, ठोकळ्यांवर उचललेली चाके आणि रिकामी केलेली टाकी एवढ्यावर भागत असताना बहुतेक मालक तेवढेही करीत नाहीत, ही त्यांच्यावरील खरी टीका होय. त्यांच्या मनात पूर्ण जीर्णोद्धार असतो. त्यामुळे स्वस्त आणि अपुरे वाटणारे हे उपाय त्यांना कमीपणाचे वाटतात.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. संस्थानिकांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंड, जर्मनी व अमेरिकेतून आणविलेल्या मोटारी विलीनीकरणानंतर राजवाड्यांच्या गॅरेजांत राहिल्या. १९७१ साली घटनादुरुस्तीने तनखे बंद झाले आणि दुरुस्तीचा खर्च पेलण्याची शक्ती अनेकांकडे उरली नाही. १९५० पूर्वीच्या मोटारी मुक्तपणे परदेशी धाडण्यास निर्यात-नियमांनीही अटकाव केला. तो अटकाव नसता तर यांतील फार थोड्या येथे राहिल्या असत्या. परिणामी विकणे दुरापास्त आणि दुरुस्त करणे अशक्य, अशा अवस्थेत मालक व मोटार दोघेही थांबून राहिले. बायों यांच्याबाबत जे धंद्याच्या पडझडीने घडले, ते येथे कायद्याने घडले.

२०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे नियम प्रसिद्ध केले. त्यांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन स्वतंत्र क्रमांकमालिकेत नोंदविता येते. प्रदर्शन, शर्यतवजा फेरी आणि तांत्रिक संशोधन यांसाठी ते रस्त्यावर आणण्याची मुभा आहे. मूळ स्वरूपाला कायद्याने दिलेली ही मान्यता स्वागतार्ह आहे. परंतु रस्त्यावर येण्याची नोंद ती. जी मोटार गॅरेजबाहेर येऊच शकत नाही, तिची नोंद तीत होत नाही. अशा मोटारींचे सांगाड्यावरील व इंजिनावरील क्रमांक, बॉडी बनविणाऱ्याची पाटी, रंगाचे थर, गॅरेजमधील जुनी बिले आणि चालकांच्या नोंदवह्या यांची जागच्या जागी छायाचित्रे घेण्यास मालकाने गाडी विकण्याची किंवा दुरुस्त करण्याची आवश्यकता नसते. त्याची परवानगी आणि दोन दिवसांचा अवधी पुरतो. आणि संकल्प सोडावयास न सांगणाऱ्या माणसाला अशी परवानगी मिळणे त्या मानाने सोपे असते.