भक्ती-शक्ती, दुर्गा टेकडी आणि आपण

पाहुणे आले की आकुर्डी-प्राधिकरणातली माणसे त्यांना कुठे नेतात? बहुतेक निगडीच्या भक्ती-शक्ती उद्यानात. मुले हिरवळीवर पळतात, मोठी माणसे शिल्पासमोर फोटो काढतात आणि बाहेर पडल्यावर भेळ होतेच. 26 जानेवारी 2018 ला तिथे 107 मीटर उंचीच्या खांबावर तिरंगा फडकला, तेव्हापासून तर पत्ता सांगणेही सोपे झाले.

शिल्प आहे शिवाजी महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या भेटीचे. महाराजांनी पाठवलेला नजराणा तुकोबांनी परत केला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. जागाही अगदी योग्य निवडली आहे. 1685 मध्ये तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी पालखी सोहळा सुरू केला असे परंपरा सांगते. देहूहून निघालेली ती पालखी आजही याच चौकातून शहरात येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्काम करते. म्हणजे कारखाने, सेक्टर, बीआरटी यांच्या कितीतरी आधी आकुर्डीची ओळख होती ती पालखीचा मुक्काम म्हणून! नव्या पिढीला ‘आकुर्डी म्हणजे बजाज’ एवढेच माहीत असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

आता दुर्गा टेकडीबद्दल. चालायला जाणाऱ्या आपल्या ज्येष्ठांचे हे खरे दुसरे घर. पहाटे साडेपाचला तिथे जेवढी सोसायटीची माणसे भेटतात तेवढी वार्षिक सभेलासुद्धा येत नाहीत (सेक्रेटरींनी राग मानू नये). एकेकाळच्या उघड्या माळावर झाडे लावून, जगवून ही सावली झाली आहे. पायथ्याजवळचे अप्पू घर मुलांच्या जास्त आवडीचे. ते नाव मूळचे दिल्लीचे. 1982 च्या आशियाई खेळांचा शुभंकर ‘अप्पू’ हत्ती, त्याच्यावरून.

पण टेकडीवर उभे राहून खाली पाहिले की जे दिसते त्याचाही एक इतिहास आहे, आणि तो फार जुना नाही. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली. साठच्या दशकात बजाज, टेल्को असे मोठे कारखाने आले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महानगरपालिका. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश इथून तरुण मुले ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरली. एका खोलीत पाच-सहा जण. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच गादीवर झोपायची. आपल्या सोसायटीतल्या कित्येक घरांची सुरुवात अशा खोलीतून झाली आहे. आजोबांना विचारून पाहा.

या कामगारांना कारखान्याजवळ घर मिळावे म्हणून 14 मार्च 1972 ला नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. आकुर्डी, निगडी, वाल्हेकरवाडी, रहाटणी, थेरगाव, भोसरी, मोशी, चिखली अशा गावांच्या जमिनी संपादनात आल्या. ज्या रानात बाजरी-ज्वारी पिकत होती तिथे आखणीचे दगड रोवले गेले आणि रानांना सेक्टरचे नंबर मिळाले. पुढे 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने प्लॉट वाटले गेले, आणि आपण त्याच कागदांवर सह्या केल्या. 2021 मध्ये प्राधिकरण विसर्जित झाले, विकसित भाग महापालिकेकडे आणि उरलेली जमीन पीएमआरडीएकडे गेली. फ्लॅट नावावर करताना नेमके कोणत्या खिडकीवर जायचे हा प्रश्न त्यामुळे अनेकांना पडला, तो भाग वेगळा.

ज्यांची जमीन गेली त्यांचे काय? 1972 ते 1983 या काळातल्या शेतकऱ्यांची साडेबारा टक्के परताव्याची मागणी दशकानुदशके चालू राहिली. ज्याने अर्ज केला तो वारला, मग मुलाने केला, मग नातवाने. आपल्याला 99 वर्षांचा कागद मिळाला तो त्यांचा सातबारा गेल्यामुळे, हे आपण सोयीने विसरतो. त्यांच्यातलेच काही जण आज आपले दूधवाले, दुकानदार, नगरसेवक आहेत, शेजारी आहेत. पण फिरायला जातो त्या बागांमध्ये ना त्यांच्या शेतांची नावे मला कुठे वाचायला मिळाली, ना वळकटी घेऊन आलेल्या पहिल्या कामगारांचा उल्लेख. सतराव्या शतकाला एवढे भव्य शिल्प मिळाले याचा आनंदच आहे. 1972 ला निदान एक फलक मिळावा असे वाटते.

म्हणून कमिटीपुढे एक प्रस्ताव मांडला आहे. आपला प्लॉट मुळात कोणाच्या रानाचा, त्या रानाला काय म्हणत, विहीर कुठे होती, हे गावठाणातल्या जुन्या माणसांना भेटून लिहून घ्यायचे. जुन्या फेरफाराच्या नकला, कारखान्याचे गेटपास, सत्तर-ऐंशी सालचे फोटो जमा करायचे आणि त्या आधारे फलकासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाला पत्र द्यायचे. ज्यांच्या घरी असे काही असेल त्यांनी सोसायटीच्या ऑफिसमध्ये आणून द्यावे. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत मिळेल. गावठाणात जायला दोन तरुण हवे आहेत, आणि पावसाळ्याआधी हवे आहेत, कारण ज्यांना भेटायचे आहे त्यांतले बरेच जण आता ऐंशीच्या पुढचे आहेत.