हनुसंधीचे विकार व शस्त्रक्रियाविरहित उपचार : ऐतिहासिक आढावा

मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने प्रसिद्ध केलेल्या सुश्रुतसंहितेत, निखळलेला हनुसंधी म्हणजेच जबड्याचा सांधा शेकून, जागेवर बसवून पट्ट्याने बांधावा, असे सांगितले आहे. आधुनिक काळात मात्र शस्त्रक्रियेकडे कल वाढला. सांध्यात बसविलेली टेफ्लॉनयुक्त रोपणे झिजून हाडांची हानी झाल्याने १९९१ मध्ये अमेरिकेत ती परत मागवावी लागली.

याउलट, नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथे शस्त्रक्रियेविना उपचार घेतलेल्या रुग्णांची सुमारे ३० वर्षांनी फेरतपासणी झाली. १९९४ पासून प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्ष-किरण चित्रांत हाडांतील बदल स्पष्ट दिसत होते. परंतु वेदना व हालचालीतील अडथळा बहुतांशी ओसरला होता. सबब, केवळ चित्रातील विकृतीवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे उचित नव्हे, असे या इतिहासावरून दिसून येते.