पेव फुटण्याआधी

‘सध्या एआय कंपन्यांचं पेव फुटलंय’ हे वाक्य मी ऑफिसात कितीदा तरी बोललोय. पेव म्हणजे नेमकं काय, हे मात्र सांगलीजवळच्या हरिपूरला जाईपर्यंत मला माहीत नव्हतं.

पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. पाणी झिरपणार नाही अशी कठीण जमीन बघून ते खणायचं. तोंड अरुंद, पोट मोठं. आत गवत-पाल्याचा थर देऊन माल भरायचा आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. हरिपूरच्या पेवांत हळद राहायची, इतरत्र ज्वारी. एकदा तोंड बंद झालं की पुढचं काम आतले जीवच करतात. धान्य, किडे, बुरशी सगळेच श्वास घेतात. कोंडलेल्या हवेतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो. ऑक्सिजन दोन-तीन टक्क्यांवर आला की किडे गुदमरून मरतात. औषध वगैरे काही लागत नाही.

जमिनीत माल पुरायची ही रीत फार जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968पासून उत्खनन केलं. ख्रिस्तपूर्व 1600 ते 700 या काळातल्या त्या वस्तीत साठवणीचे खड्डे सापडले. एका पाच खोल्यांच्या घराला लागून कोठार होतं. ते गावच्या मुख्याचं घर असावं, असा संशोधकांचा तर्क आहे. म्हणजे धान्य टिकवण्याच्या इतिहासात ‘टिकलेलं धान्य कुणाच्या ताब्यात’ हा प्रश्न पहिल्यापासूनच आहे. दुष्काळात पेव असलेला आणि नसलेला यांच्यात किती अंतर पडत असेल, ते वेगळं सांगायला नको.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असं आपण सहज धरून चालतो. पेव तसं नव्हतं. जी हवा किड्याला मारते, ती माणसालाही मारते. म्हणून पेव उघडल्यावर ते आधी मोकळं ठेवायचं, मग आत दिवा सोडायचा. दिवा विझला तर कुणी उतरायचं नाही. घाई केलेली माणसं आत गुदमरून मेली आहेत. आणि उतरणारा बहुतेकदा मालाचा मालक नसे, हमाल असे.

विसाव्या शतकात फॉस्फिन वायू सोडणाऱ्या गोळ्या आल्या. स्वस्त, सोप्या आणि त्याही जीवघेण्या. आता अनेक देशांत, आपल्याकडेही, किडे त्यांना दाद देईनासे झालेत. धुरीसाठी वापरला जाणारा मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थराला घातक ठरला आणि माँट्रियल करारानुसार त्याचा वापर आवरावा लागला. दरम्यान 1980च्या दशकाच्या अखेरीस पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन थरांची हवाबंद पिशवी तयार केली. तत्त्व पेवाचंच, पण आत उतरायची गरज नाही. शिवाय एक-दोन पोती पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही ती परवडते. मला तिच्यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

हरिपूरची बरीच पेवं 2005च्या महापुरात गेली. पिढ्यान्‌पिढ्या हवा रोखून धरणाऱ्या जमिनीला कृष्णेचं पाणी रोखता आलं नाही. आता हळद गोदामांत असते. ‘पेव फुटलंय’ म्हणताना हल्ली मी जरा अडखळतो. डोळ्यांसमोर दोरीला बांधलेला, खाली जाणारा दिवा येतो, आणि वर थांबलेला हमाल.